अडचण नंबर तीन

"अमोल कोण हाय? तेवढं सांग आधी. बाकीचं मंग बोलू."

"काळू, हळू बोल. माणसं बसलीत गाडीत."

"बसूंदे. त्यांनापण कळूंदे. बोलणं माझं, गाडी माझी, शिव्या माझ्या, आन नाव अमोल?"

"शिव्या नव्हत्या टाकल्या मी."

"हां, त्या तेवढ्या गाळल्या. लय उपकार झाले."

काळूनं जीपचं दार आपटलं. जुनी काळी-पिवळी ती, तिचं दार एका आपटण्यात कधी लागत नाही, म्हणून त्यानं ते परत आपटलं. दुसऱ्या वेळी जरा जास्तच लागलं. आत बसलेल्यांनी माना वळवल्या. गाडी अर्धीच भरली होती. नाशिकच्या स्टँडच्या मागच्या गल्लीत हरसूलच्या जीपा लागतात, तिथं दुपारच्या वक्ताला माणसं कमी आणि ड्रायव्हर जास्त, त्यामुळे भांडण बघायला सगळ्यांना सवड. भिकाची गाडी काळूच्या मागं नंबरात होती. तो तर सरळ बोनेटवर चढून बसला आणि शेंगदाण्याची पुडी फोडली.

साक्षी लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून उभी होती. गळ्यात क्लासचं कार्ड तसंच लटकत होतं, काढायचं भानही राहिलं नव्हतं तिला. कॉलेज रोडवरून ती रिक्षानं त्याच्या मागं मागं आली होती. हे काळूला दिसलं होतं. पण राग आला की काळूला जे दिसतं ते तो मोजत नाही.

झालं होतं असं. साक्षीच्या क्लासचा आज, शनिवारी, शेवटचा दिवस होता. चार महिन्यांचा कोर्स, सकाळी नऊला आत गेलं की रात्रीच बाहेर, शनिवारी तेवढं दुपारी सुटायचं. यूएक्स डिझाईन म्हणतात त्याला. पहिल्यांदा नाव ऐकलं तेव्हा काळूला वाटलं कपड्यांचं काहीतरी असेल. मग तिनंच समजावलं, की मोबाईल उघडल्यावर कुठलं बटण कुठं पाहिजे, माणूस कुठं अडतो, कशावर वैतागतो, हे आधी माणसांनाच विचारायचं आणि मग स्क्रीन काढायची. शेवटच्या दिवशी प्रत्येकानं आपापलं काम पडद्यावर मांडायचं, बघायला कंपन्यांची माणसं येणार. साक्षीनं काम केलं होतं हरसूलच्या जीपांवर. फोन करून म्हणाली, "ये ना काळू. तुझ्यामुळंच झालंय सगळं."

एवढ्या एका वाक्यावर काळूनं सकाळचा नंबर भिकाला देऊन टाकला. गाडीचे मालक चिमाजी मामा, त्यांना सांगितलं क्लच धरत नाही, गॅरेजला दाखवून येतो. इस्त्रीचा शर्ट घातला. आणि त्या एसी हॉलमध्ये सगळ्यात मागच्या खुर्चीवर, हात मांडीखाली घालून, परीक्षेला बसल्यासारखा बसला.

पडद्यावर आला एक गोरापान पोरगा. चष्मा, दात कसे जाहिरातीतले, मागं कुठल्या तरी परदेशातली भिंत. खाली लिहिलेलं: अमोल, वय तेवीस, जीपचालक. आणि त्या अमोलच्या तोंडी सगळी काळूची वाक्यं. "गाडी रिकामी असली का पाय दुखत्यात, भरली का नाय दुखत." "माणूस चालतो कसा त्यावरून सांगतो, हरसूलचा हाय का गिरणाऱ्याचा." लोक हसले. वाईट नाही हसले, कौतुकानंच हसले, पण त्या चष्म्याकडं बघून हसले. मग अडचणींचं पान आलं. पहिली अडचण, गाडी कधी सुटणार ते प्रवाशाला कळत नाही. दुसरी अडचण काहीतरी रेंजची. तिसरी: चालक ओळखीच्या प्रवाशासाठी पुढची सीट अडवून ठेवतो, त्यामुळे इतरांची गैरसोय होते.

काळू वाचायला सावकाश. ते वाक्य त्यानं दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायच्या आत तो उठला, खुर्ची पडली, ती त्यानं उचलली नाही, आणि बाहेर पडला.

काळूचं शाळेशीही असंच तुटलं होतं. नववीत. गणिताच्या सरांनी फळ्याशी उभं केलं, उत्तर विचारलं, आणि तो मनातल्या मनात जुळवत असतानाच "बस खाली, दगडा" म्हणून पुढच्या पोराला उभं केलं. काळू बसला नाही. त्यानं डस्टर उचलून खिडकीबाहेर फेकलं आणि मागोमाग स्वतः दारातून बाहेर गेला. परत काही गेला नाही. मग मामाच्या जीपवर आधी मागं लटकून भाडं गोळा करायचं, मग लायसन निघालं तसा स्टेअरिंगवर. तेव्हापासून त्याला प्रश्न विचारणारे रोज पन्नास. कधी निघणार? किती वेळ? जागा हाय का? आणि उत्तराला थांबणारा एक नाही. विचारतात आणि तिकडं बघतात.

साक्षी गावातलीच, वरच्या आळीतली, त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. शिकलेली. बी.एस्सी. करून नाशिकला अंबडच्या एमआयडीसीत एका कंपनीत लागली होती, क्वालिटीला. दिवसभर एकाच मापाची भोकं मोजायची, बरोबर असलं तर हिरव्या ट्रेमध्ये, चुकलं तर लाल. तिथल्या मशीनची स्क्रीन अशी होती की एक जुने कामगार काका दर वेळी चुकीचं बटण दाबायचे आणि दर वेळी बोलणी खायचे. साक्षीनं एकदा जेवणाच्या सुट्टीत चहाच्या बिलामागं ती स्क्रीन वेगळी काढून साहेबाला दाखवली. साहेब म्हणाले, "तू भोकं मोज." त्या दिवसानंतर, ती सांगायची, तिला झोपेतपण बटणंच दिसायची. कुठं असायला पाहिजेत आणि कुठं आहेत. शेवटी दिली नोकरी सोडून. तिची आई, विमलाबाई, महिनाभर तिच्याशी एकच वाक्य बोलत होती: "परमनंट होणार होतीस."

कोर्समध्ये मग तिला काम मिळालं की एक गट निवडा, त्यांच्याशी बोला. बाकीच्या पोरांनी कॅफेत कॉफी पिणारे निवडले. साक्षी शनिवारी गावाला निघाली, काळूच्या गाडीत पुढं बसली आणि म्हणाली, "काळू, तुला थोडं विचारू का? रेकॉर्ड केलं तर चालेल?"

आता गाडीत बसलेली प्रत्येक बाई काळूला ताई, नाहीतर मावशी, नाहीतर आजी. साक्षीला गावच्या रिवाजानं ताईच म्हणायला पाहिजे. पण त्या दिवशी तो शब्द त्याच्या जिभेवर आला आणि त्यानं तो गिळला. का गिळला हे त्याचं त्याला कळायला पुढं दोन शनिवार लागले.

"विचार की."

"शेवटचं कधी असं झालं, की गाडी भरलीच नाही?"

"होतं कधीमधी."

झालं उत्तर. दुसरं कोणी असतं तर पुढचा प्रश्न टाकला असता. साक्षी गप्प बसली. त्याच्याकडं बघत, मान थोडी तिरकी करून. गिरणारं गेलं, गाडी चढाला लागली, तरी गप्प. काळूला ते सहन होईना. रिकामी जागा दिसली की त्यात माणूस बसवायचा हा त्याचा धंदाच, तशी ती शांतता त्याला भरावीशी वाटली. म्हणून तो बोलला. मागच्या आखाडातली गोष्ट सांगितली, स्टँडवर बसून बसून दिवस मावळला, शेवटी एक नवरदेवाचा बाप आणि एक शेळी घेऊन निघालो. साक्षी हसली आणि म्हणाली, "तेव्हा तुला कसं वाटलं?"

कसं वाटलं! काळूला वीस वर्षांत कोणी असलं काही विचारलं नव्हतं. भूक लागली का विचारलं होतं, लाज वाटते का विचारलं होतं. कसं वाटलं, हे नाही. त्याला वळणावर गिअर टाकायला उशीर झाला.

तेव्हापासून काळूचा आठवडा उलटा फिरला. सोमवारी सकाळी तिला नाशिकला सोडायचं आणि तिथून शनिवारची वाट बघायची. मधल्या दिवसांत जे दिसेल ते तो तिच्यासाठी बाजूला ठेवायचा. म्हातारी माणसं गाडीत चढताना आधी चपला काढतात. नवी सून पुढं बसत नाही, कितीही जागा असली तरी. ज्याला खरी घाई आहे तो कधीच "किती वेळ" विचारत नाही, तो चाकाशी उभा राहतो. हे सगळं तो आधीपण बघत होता, पण सांगायला कोणी नव्हतं, म्हणून ते आतल्या आत वाळून जायचं. आता वाघेऱ्याच्या घाटात एकटा असला तरी तो मनात तिला सांगत गाडी चालवायचा. कधी कधी तिच्या वतीनं विचारायचापण: मग तेव्हा तुला कसं वाटलं? आणि उत्तर द्यायला रिकाम्या सीटकडं मान वळवायचा.

शनिवारी पुढच्या सीटवर त्याचा गमछा असायचा. कोणी हात लावला की, "ती भरलीय."

"कुठं भरलीय रे? फडकं बसलंय का?"

"मागं सरका मावशी, लय जागा हाय."

मागं कुठली जागा. पण काळूला त्या वेळी मागचा आरसा दिसायचा नाही.

मग तिनं ॲप आणलं. खरं नाही, ॲपचं नुसतं सोंग. दाबलं की पुढचं चित्र यायचं. उभ्या गाडीत त्याच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "समज, गाडीत चार सीट रिकाम्या आहेत. ते प्रवाशांना कळव. मी काही सांगणार नाही हां. आमच्या क्लासच्या उज्ज्वला मॅडमचा नियम आहे, मदत करायची नाही." आणि स्वतःचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली दाबून बसली.

काळूनं दाबलं. भलतंच उघडलं. परत दाबलं. परत भलतंच. मागून एक पोरगं डोकावून हसलं. काळूच्या कानशिलात गरम झालं, तेच, फळ्यापाशी व्हायचं ते. तो फोन डॅशबोर्डवर टाकून म्हणाला, "नाय जमत. आपण दगड हाये."

"काळू," साक्षी म्हणाली, "चूक तुझी नाहीये. चूक स्क्रीनची आहे. तू अडलास म्हणजे मी चुकीचं काढलंय."

आणि तिनं तिथंच, गाडीत, पेन्सिलीनं ते बटण खोडून खाली मोठं काढलं.

आता सांगा, असं कोणी बोलल्यावर माणसानं काय समजायचं? काळूनं जे समजायचं ते समजलं. पुढचे कितीतरी शनिवार तो त्याच समजुतीवर जगला.

तर, परत गल्लीत.

"काळू नावाची लाज वाटली का तुला? साहेबलोकांसमोर काळू कसं दाखवायचं, म्हणून अमोल?"

"अरे खरं नाव टाकायचंच नसतं! नियम आहे तो. ज्यानं विश्वासानं सांगितलं त्याचं नाव बाहेर जायला नको, म्हणून. पाच ड्रायव्हरांशी बोलले मी, त्या सगळ्यांचा मिळून एक माणूस करायचा असतो."

"पाच? आन बाकी चार काय बोलले? पडद्यावर तर सगळा मीच होतो."

"बाकीचे... एवढं बोलत नाहीत."

"मी बोललो मोप," भिका बोनेटवरून ओरडला. "मला म्हणली, थँक्यू दादा, झालं."

"तू गप रे भिक्या!" दोघंही एकदम ओरडले.

भिकानं तोंडात शेंगदाणे टाकले. आतल्या माणसांत कुजबुज वाढली. एक जण येऊन मागं बसला, त्याच्यामागं एक जोडपं. काळूनं बोटानं नुसती सीट दाखवली.

"आन ती अडचण?" तो हळू बोलला. ओरडून झालं होतं त्याचं. "नंबर तीन."

साक्षीनं बॅग या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"तुला म्हाईत होतं, सीट कुणासाठी ठेवायचो ते?"

"होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. अख्ख्या गाडीला माहीत होतं, काळू. मागं बाया एकमेकींच्या मांडीवर बसून यायच्या, आणि मी पुढं एकटी, पाय लांब करून. एकदा ती सातवा महिना लागलेली पोरगी मागं उभ्यानं आली, आठवतं? मला लाज वाटली होती. आणि बरंपण वाटायचं. लय बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू."

काळूनं आधी मागच्या सीटांकडं बघितलं, मग पुढच्या सीटवरच्या गमछ्याकडं.

"मंग लिहिलं कशाला?"

"मला बरं वाटायचं म्हणूनच. स्वतःच्या सोयीचं तेवढं गाळलं असतं, तर बाकीचं सगळंपण खोटं झालं असतं. भोकं मोजायची सोडून आले ना मी ते... चुकलेलं हिरव्या ट्रेमध्ये टाकायला नाही आले."

तिचं खरं होतं, आणि खरं असलं की त्याचा राग जास्तच वाढायचा. पण आज वाढायला जागाच नव्हती. आतून तो सगळा दुसऱ्याच कशानं भरत चालला होता. ती आज बॅगेशिवाय दुसरं काही घेऊन आली नव्हती, हे त्याला आत्ता दिसलं. शनिवारी तिच्याकडं कपड्यांची पिशवी असायची. आज नव्हती.

"गावाला नाय येत?"

"नाही." मग एका दमात, "मला घेतलंय काळू. त्या पुढं बसलेल्या केस पिकलेल्या बाई होत्या ना, त्यांच्या कंपनीत. पुण्याला. माझं मांडून झालं तसं तिथंच सांगितलं त्यांनी. सोमवारी हजर व्हायचंय. आज संध्याकाळी कागद द्यायचेत, उद्या निघते."

"परमनंट?" त्याच्या तोंडून गेलं.

साक्षी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "आईसारखा नको ना विचारू."

काळूलापण हसायला आलं. तिला घेतलं याचा त्याला आनंद झाला, अगदी खरा, गावभर हॉर्न वाजवत फिरावं असा. आणि त्याच वेळी त्याला पुढचा शनिवार दिसला. त्याच्या पुढचा दिसला. घाट दिसला, गिअर दिसला, आणि मान वळवून बघायची ती जागा. हे सगळं सांगायला कोणाजवळ जायचं?

"दोन जागा! दोन जागा हरसूल!" त्याच्या गाडीतला एक प्रवासीच कंटाळून ओरडायला लागला होता. दोघं जण लगबगीनं येत होते.

"एक विचारू?" काळू म्हणाला.

"विचार."

"तू विचारायचीस ना, कसं वाटलं तुला, मंग पुढं काय झालं... ते कोर्सचं होतं का तुझं होतं?"

विचारून झालं आणि त्याला वाटलं आता खूप बोलावं. नाही म्हणायच्या आत झाकून टाकावं, हसण्यावारी न्यावं, एखादी शिवी घालावी. पण तो बोलला नाही. दार धरून उभा राहिला, तिच्याकडं बघत. तिनंच शिकवलेलं होतं हे. विचारायचं आणि मग आपण गप्प बसायचं. किती अवघड असतं ते त्याला आत्ता कळत होतं. ती चार महिने असं बसून राहायची त्याच्या शेजारी.

ते दोघं आले, मागं कोंबले गेले. मागून आवाज, "झाली की गाडी! काढ आता!" भिकानं बोनेटवरून उतरून आपल्या गाडीत बसून हॉर्न दिला; त्याचा नंबर खोळंबला होता. कुठूनशी गावातली साळूबाई आली, डोक्यावर बोचकं, हातात कोंबडीची पाटी. मागं बघितलं, जागा नाही. तिनं पुढचं दार उघडलं, गमछा उचलला, त्यानं तोंड पुसलं आणि बसली. "चल रे बाबा. पोचायला अंधार करशील."

काळूनं वळून बघितलं. आज 'ती भरलीय' म्हणाला नाही.

साक्षी खाली बघत गळ्यातलं कार्ड बोटाला गुंडाळत होती. गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"कोर्सचे प्रश्न पंधराच होते," ती म्हणाली. "दुसऱ्या शनिवारी संपले."

काळूचं तोंड उघडलं. हॉर्न. परत हॉर्न. आतून साळूबाई, मागून भिका, त्याच्या मागची गाडी, सगळी गल्ली एकदम ओरडायला लागली.

"साक्षी," तो म्हणाला, "गाडी भरली. मला निघायला लागंल आता."